एका शिवणीत दोन पुस्तकं

"दोन्ही निबंध चांगले आहेत. मी एकच मागितला होता."

बाईंनी माझ्या निबंधाच्या शेवटच्या पानावर एवढंच लिहिलं होतं, तेही हिरव्या शाईत. संध्याकाळच्या कॉलेजात बाई आम्हाला साहित्य शिकवतात, आणि लाल शाईला माणसं घाबरतात म्हणून हिरवी वापरतात. मी हिरवीलाही घाबरले. खरं सांगायचं तर आधी चिडले, मग घाबरले. दोन कादंबऱ्यांची तुलना करा, असा विषय होता. मी पहिलीवर पाच पानं लिहिली, दुसरीवर पाच पानं लिहिली, शेवटी "अशा प्रकारे दोन्ही कादंबऱ्या मनाला भिडतात" असं लिहून खाली रेघ ओढली. आणखी काय करायचं असतं?

हा दुसरा प्रयत्न होता. तिसरा शेवटचा. पदवी सहा वर्षांत पुरी करायची असा तिथला नियम आहे आणि माझं सहावं वर्ष संपत आलं होतं. बाकी सगळे विषय सुटले, हा एक निबंध तेवढा घशात अडकलेला. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत तो नव्यानं द्यायचा होता. पुन्हा एकाचे दोन निघाले तर सहा वर्षं पाण्यात.

बाईंनी मला थांबवून फळ्यावर समजावलं होतं. एका बाजूला त्यांनी दोन मोठे चौकोन काढले, एकाखाली एक. "हे तुम्ही करता," त्या म्हणाल्या. "एक पुस्तक संपवायचं, मग दुसरं उघडायचं. वाचणारा दुसऱ्यापर्यंत पोचतो तोवर पहिलं विसरलेला असतो." मग दुसऱ्या बाजूला त्यांनी लहान लहान चौकोन काढले, जोडीजोडीनं. "असं करून बघा. एक प्रश्न घ्या, तो दोन्ही पुस्तकांना विचारा. मग दुसरा प्रश्न, पुन्हा दोघांनाही. आणि सगळ्यात आधी एका वाक्यात सांगा, ही दोन पुस्तकं तुम्ही शेजारी का बसवलीत?"

"शेजारी उभं केलं की एक बुटकं दिसणारच," मी म्हणाले.

"बाइंडरबाई, कोण उंच ते मी विचारलेलंच नाही."

मी मान डोलावली आणि घरी आले. पटलं मात्र नव्हतं. तुलना म्हणजे काय ते मला बाईंपेक्षा जास्त माहीत होतं. मी तुलनेतच वाढले होते.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आईचं माझ्याशी बोलणं बहुतेक वेळा "ताई बघ" इथून सुरू व्हायचं. ताई बघ कशी वाचत बसते. ताई बघ, सांगावं लागतं का तिला. ताई पदवीधर झाली, शाळेत भूगोल शिकवू लागली, आणि तिच्या पदवीची चौकट आईनं समोरच्या भिंतीवर लावली, दार उघडलं की आधी तीच दिसावी अशी. मी शाळा कशीबशी उरकून छापखान्यात लागले. सहा वर्षांपूर्वी, कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी, मी त्या चौकटीशेजारी एक खिळा ठोकला. मोकळाच. मुद्दाम चार बोटं वर. तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण खिळा कुणाला दाखवायचा होता ते सांगायला नको.

आता ताई आणि मी एकत्रच राहतो. तिचे डोळे हळूहळू विझत चाललेत. माणूस समोर उभा आहे एवढं दिसतं, अक्षर दिसत नाही. म्हणून रोज कामावरून आले की मी तिला वाचून दाखवते. ती खिडकीजवळच्या पलंगावर पडून ऐकते आणि मध्येमध्ये शिक्षिकेसारखे प्रश्न विचारते. मला राग येतो आणि मी उत्तर देते.

छापखाना सुटला, आता माझं काम वाचनालयाच्या तळघरात, पुस्तकं बांधायचं. तिथे खळीचा आंबूस वास कायम असतो, आणि रस्त्याच्या पातळीवर एक आडवी खिडकी आहे, तिच्यातून नुसती पावलं जाताना दिसतात. फाटकी, सैल झालेली पुस्तकं वरून खाली येतात. मी त्यांची जुनी शिवण उसवते, फर्मे सुटे करते, डागडुजी करून पुन्हा शिवते. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे पाच-दहा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. निबंधासाठी मी निवडलेल्या दोन कादंबऱ्या अशाच माझ्या टेबलावर आल्या होत्या. दोन्ही छोट्या, सहा-सहा फर्म्यांच्या. एकाच छापखान्यातल्या, एकाच आकाराच्या, एकाच पिवळट कागदाच्या. एकीत एक बाई गावाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला रोज किल्ली देते. दुसरीत एक नावाडी माणसं पलीकडे सोडतो, पण स्वतः पलीकडच्या काठावर कधी उतरत नाही. ग्रंथपालांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारी सकाळी दोन्ही बांधून वर हवीत, तोवर घरी नेलीत तरी चालेल.

त्या शनिवारी दुपारी मी दोन्हींचे फर्मे समोर घेऊन बसले. डावीकडे घड्याळ, उजवीकडे होडी. आडव्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, पावलांच्या सावल्या त्यातून सावकाश जात होत्या, आणि माझ्या डोक्यात बाईंचे चौकोन फिरत होते. मोठे दोन की लहान बारा? सुई आत जात होती, बाहेर येत होती. मध्येच मला डुलकी लागली असावी. डोळे मिटले म्हणून हात थांबतात असं माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही.

घरी येऊन मी पिशवीतून पुस्तक काढलं. अजून पुठ्ठा चढवायचा होता, नुसती शिवलेली पाठ. दुसरं कुठं राहिलं म्हणून पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी. तळघरात विसरले असेन असं म्हणून मी वाचायला बसले. ताईनं दोन्हींतली एकही ऐकलेली नव्हती.

पहिली सोळा पानं झाली. घड्याळवाली वर चढली, तिनं किल्ली दिली, वरून रस्ता पाहिला. तिचा नवरा परगावी गेलेला, कधी येईल ते ठाऊक नाही. गावातलं घड्याळ बंद पडलं तर घरी कुठल्या वेळेला यायचं ते त्याला कसं कळणार, अशी तिची समजूत. सोळाव्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धवट होतं: "मग ती जिना उतरून खाली आली आणि". मी पान उलटलं आणि वाचलं: "नदीला त्या दिवशी पाणी कमी होतं."

मी थांबले. पानाचा आकडा पाहिला. एक. पुढे चाळलं. होडीची सोळा पानं, मग घड्याळाची सतरापासून बत्तीस, मग होडीची सतरापासून बत्तीस. छापखान्यात मी अकरा वर्षं फर्मे गोळा करायचं काम केलं होतं. तिथं टेबलावर थप्प्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलत पुढं जायचं असतं. डुलकीत हातांनी तेच केलं होतं. समोर दोन थप्प्या दिसल्या, एक डावीकडून उचलला, एक उजवीकडून, आणि शिवून मोकळे. बारा फर्मे म्हणजे नेहमीच्या कादंबरीची जाडी, त्यामुळे बोटांना काही वावगंही वाटलं नाही.

"थांबलीस का?" ताई म्हणाली. "पाणी कमी होतं, मग?"

इथं मी सांगायला हवं होतं. पण ताईच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ताईचं काहीतरी चुकत होतं आणि ते एकट्या मला माहीत होतं. सांगायला लाज वाटते, पण मला उकळ्या फुटल्या. म्हटलं, बघू तरी पदवीधर बाईंना केव्हा कळतंय ते. मी पुढे वाचत राहिले.

शनिवारी संध्याकाळी चार फर्मे झाले. रविवारी जेवणं झाल्यावर पडदा अर्धा ओढून आम्ही पुन्हा बसलो. बाहेर रस्ता सुस्त होता. पडदा आत यायचा, थोडा फुगायचा, परत जायचा. मी एका तालात वाचत होते आणि काही वेळानं माझं मलाच समजेना की मी कुठल्या पुस्तकात आहे. घड्याळवाली मनोऱ्यावर उभी राहिली की मला खाली नदी दिसायची. नावाड्यानं वल्हं पाण्यात घातलं की पाण्यात मनोरा हलायचा. ठोके पडायचे ते पाण्यावरून ऐकू यायचे, उशिरानं, थोडे ओले होऊन. भिंतीवरची ताईची चौकट, माझा खिळा, पलंग, सगळं संथ वाहत असल्यासारखं वाटत होतं, आणि कुठंच पोचायची घाई नव्हती. मी कितीतरी पानं अशी वाचली असतील की ती मी वाचली हे मला आठवतच नाही.

ताई पलंगावरच्या चादरीवर बोट फिरवत होती.

"काय करतेस?"

"नकाशा," ती म्हणाली. तीस वर्षं भूगोल शिकवल्यावर दुसरं काय करणार! "हा मनोरा इथं, चढावर. नदी अशी खालून जाते. म्हणजे तिला वरून होडी दिसत असणार. रोज दिसते. आणि ह्याला ठोके ऐकू येतात. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण ती नसती तर ह्याला फेरी कधी सुरू करायची ते कळलं नसतं."

मघाचं हसू आता ओठांवर तितकंसं येत नव्हतं.

"दोघंही वाट बघतायत बघ," ताई पुढे म्हणाली. "पण सारखी नाही. तिला वाटतं नवरा यावा, म्हणून ती वेळ पुढं ढकलते. रोज किल्ली. ह्याचा भाऊ भांडून पलीकडे राहायला गेलाय आणि हा रोज त्या काठापर्यंत जातो, उतरत नाही. का उतरत नाही?"

"भाऊ भेटणार नाही अशी भीती वाटते म्हणून." माझ्या निबंधात मी तसंच लिहिलं होतं, अर्ध्या पानाचं.

"छे! भेटेल अशी भीती वाटते. भेटला तर भांडण मिटवावं लागेल. मग रोज मनात धरून ठेवायला काय उरेल त्याला? ती वेळ पुढं ढकलते, हा अडवून धरतो. तिच्याशेजारी बसवला म्हणून कळलं मला, नाहीतर मीही तुझ्यासारखंच म्हटलं असतं."

मी शेवटचे दोन फर्मे वाचले. घड्याळवाली एका सकाळी मनोऱ्यावर गेलीच नाही. किल्ली उंबऱ्यावर ठेवून ती उन्हात बसली. लगेच पुढच्या फर्म्यात नावाडी पलीकडच्या काठाला होडी लावून उतरला, आणि पाय जमिनीला लागल्यावर आपल्याला चालता येतं ह्याचंच त्याला नवल वाटलं. पुस्तक संपलं. ताईनं डोळे मिटलेले होते.

"तिनं किल्ली ठेवली," ती हलकेच म्हणाली, "ठोके थांबले, म्हणून हा उतरला."

मला ते सहन झालं नाही. का ते मी तेव्हा सांगू शकले नसते. मी पुस्तक धाडकन पलंगावर टाकलं.

"ताई, ही दोन पुस्तकं आहेत! वेगवेगळी. दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेली. माझ्या हातून शिवताना चुकलं. कालपासून मला माहितीये आणि मी तुला सांगितलं नाही. मनोऱ्यावरून नदीबिदी काही दिसत नाही. तू चुकलीस!"

ताईनं हात लांब करून पुस्तक चाचपलं. शिवलेल्या पाठीवरून बोट फिरवलं. मग ती हसायलाच लागली. "अगं, मग किती छान चुकलीस!"

"हसू नकोस. चूक मी करायची आणि त्यातूनसुद्धा शहाणी तूच निघायचीस. मी दोन महिने त्या पुस्तकांशी झटापट करतेय आणि तू पलंगावर पडल्या पडल्या... आई असती तर म्हणाली असती, ताई बघ."

ताईचं हसू थांबलं. ती उठून बसली आणि माझा चेहरा जिथं असेल असं तिला वाटलं तिकडे बघत म्हणाली, "मला काय म्हणायची माहितीये? धाकटी बघ."

"उगाच काहीतरी."

"धाकटीचे हात बघ, म्हणायची. तिला एकदा दाखवलं की पुरे. तू पुस्तकं वाच, बटण मात्र जन्मात लावता यायचं नाही तुला. दहा वेळा उसवायला लावलं होतं मला एक बटण. माझ्या शाळेच्या पुस्तकांना तू कव्हरं घालायचीस ना, ती आई शेजारच्या बायकांना दाखवायची, माझ्यादेखत. मी रात्री ती कव्हरं फाडून टाकावीत म्हणायचे. फाडली नाहीत, कारण फारच नीट घातलेली असायची."

"आईनं असं कधीच म्हटलं नाही. मी ऐकलं असतं."

"तू खोलीत नसायचीस."

"आणि मला म्हणायची तेव्हा?"

"तेव्हा मी नसायचे."

पडदा आत आला आणि गेला. मी ताईचा हात धरला. आईनंही दोन निबंध लिहिले होते. एक माझ्यासाठी, एक ताईसाठी, आणि दोन्ही कधी एका ठिकाणी वाचले गेले नाहीत. माझ्या वाट्याला आलेला मी चाळीस वर्षं पाठ करत राहिले. नावाडी काठापर्यंत जाऊन का परत फिरायचा, ते मला चांगलंच कळलं. रुसवा नुसता धरून नव्हते मी, त्याला रोज किल्लीही देत होते.

"ताई," मी म्हणाले, "मला खूप राग होता ग तुझा."

"मलाही होता. दिवा लाव आणि लिहायला बस. उद्या सोमवार आहे."

मी लिहायला बसले. सगळ्यात वर एक वाक्य लिहिलं: वाट पाहणारं माणूस वेळेचं काय करतं, हे एकट्या घड्याळवालीकडून किंवा एकट्या नावाड्याकडून कळत नाही, दोघांना शेजारी बसवलं तर कळतं. मग ते शिवलेलं पुस्तकच समोर ठेवलं. आपण कुणाची वाट पाहतो? दोघांनाही विचारलं. ती व्यक्ती आली तर काय होईल? दोघांनाही. रोजचं काम सोडावंसं का वाटतं? पुन्हा दोघांनाही. कधी घड्याळवाली लांबण लावायची, कधी नावाडी दोन ओळींत उरकायचा. मी दोघांना सारखी जागा द्यायचा हट्ट धरला नाही. एका जागी मात्र अडले. नावाडी तिच्यामुळे उतरला, हे ताईचं म्हणणं मला फार आवडलं होतं, पण ते पुस्तकांत नव्हतं, माझ्या शिवणीत होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. ते ताईकडेच राहू दिलं.

सोमवारी सकाळी तळघरात जाऊन मी ती शिवण उसवली. डावीकडे घड्याळ, उजवीकडे होडी, आणि या वेळी डोळे सताड उघडे ठेवून दोन पुस्तकं शिवली. दोरा ओढताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. ग्रंथपालांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि छान झालीत म्हणाले. पावणेपाचला निबंध बाईंच्या टेबलावर होता.

त्यानंतरचे तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. निबंध परत आला तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. हिरव्या शाईत लिहिलं होतं, "एकच आहे. मिळाला."

पदवीचा कागद आला त्या रविवारी मी त्याला स्वतःच्या हातानं चौकट केली आणि त्या खिळ्यावर टांगली. ताई भिंतीजवळ आली. आधी तिनं आपली चौकट चाचपली, मग हात सरकवत माझी. तिचा हात वर गेला आणि तिथंच थांबला.

"तुझी चार बोटं वर आहे."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. सहा वर्षांपूर्वी. खिळा काढून खाली ठोकू?"

ताईनं दोन्ही चौकटींवर एकेक हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "आई असती तर निदान मान वरखाली करून दोन्ही बघाव्या तरी लागल्या असत्या तिला."